फेरी एक, हिशेब तीन

10 मे 2019 रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात उबरच्या समभागांची खरेदी-विक्री सुरू झाली. प्राथमिक विक्रीत समभागाची किंमत 45 डॉलर ठरली होती. पहिला सौदा 42 डॉलरला झाला आणि दिवसअखेर भाव 41.57 डॉलरवर थांबला. काही महिने आधी बँकांनी कंपनीचे मोल 120 अब्ज डॉलर होईल असे बोलून दाखवले होते; प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी ते 82 अब्जांच्या आसपास आले. कंपनीने 8.1 अब्ज डॉलर उभे केले खरे, पण त्या दिवशी जल्लोषापेक्षा शंकेचाच सूर मोठा होता. त्यानंतर कंपनीच्या बाजूने सर्वाधिक वेळा पुढे केला गेलेला पुरावा म्हणजे महसुलाचा आलेख. नोंदणीपूर्वीचे शेवटचे पूर्ण वर्ष 2018. त्या वर्षी महसूल 11.3 अब्ज डॉलर होता. 2024 मध्ये तो 44 अब्ज डॉलरवर गेला. सहा वर्षांत जवळजवळ चौपट, आणि मधली दोन वर्षे साथीची. एवढी वाढ झाल्यावर शंकेखोरांनी गप्प बसावे, असे गुंतवणूकदारांच्या बैठकींतून सुचवले जाते. पण हा आकडा फोडून पाहिला तर त्यात तीन निरनिराळे हिशेब एकत्र बांधलेले सापडतात. शिवाय तोट्यातली कंपनी नफ्यात कशी आली, याचे उत्तर या महसूलवाढीत नाही. ते नफा-तोटा पत्रकाच्या दुसऱ्याच ओळीत आहे.

उबरसारख्या कंपनीचा महसूल म्हणजे प्रवाशाने दिलेले भाडे, असे सर्वसाधारण वाचक धरून चालतो. तसे नाही. प्रवासी आणि खाणे मागवणारे ग्राहक मिळून ॲपवर जो पैसा मोजतात, त्याला कंपनी ‘ग्रॉस बुकिंग्ज’ म्हणते. आपण त्याला एकूण बुकिंग म्हणू. त्यातला चालकाचा, डिलिव्हरीवाल्याचा आणि हॉटेलचा भाग वजा जाता उरते ते बहुतेक देशांत कंपनीचा महसूल म्हणून मांडले जाते. अमेरिकेत कंपनीची भूमिका अशी की आपला ग्राहक चालक आहे. आपण त्याला प्रवासी शोधून देतो आणि त्याची फी घेतो. बाजार समितीतला अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो तेव्हा त्याच्या वहीत फक्त अडत कमाई म्हणून चढते. तोच माल त्याने स्वतः विकत घेऊन पुढे विकला, तर संपूर्ण विक्री त्याची उलाढाल ठरते. पोती तितकीच, गिऱ्हाईक तेच, भावही तोच, पण वहीतला आकडा कित्येक पटींनी फुगलेला. उबरच्या महसुलाकडे पाहताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो, कारण जगातल्या काही भागांत ती अडत्या आहे, काही भागांत व्यापारी आहे आणि गेल्या सहा वर्षांत काही ठिकाणी ती एकातून दुसऱ्यात गेली आहे.

आता तीन आकडे शेजारी ठेवू. 2018 मध्ये उबरवर सुमारे 5.2 अब्ज फेऱ्या झाल्या (डिलिव्हरीची प्रत्येक ऑर्डरही यात एक फेरी म्हणून मोजली जाते). 2024 मध्ये फेऱ्या 11.27 अब्ज झाल्या, म्हणजे 2.2 पट. याच काळात एकूण बुकिंग 49.8 अब्ज डॉलरवरून 162.8 अब्ज डॉलरवर गेले, म्हणजे 3.3 पट. आणि महसूल 3.9 पट. काम सव्वादोन पटीहूनही कमीच वाढले, ग्राहकांनी मोजलेला पैसा सव्वातीन पट झाला आणि कंपनीच्या नावावर मांडलेला पैसा चौपटीजवळ गेला. ठोकळ वाटणी करायची तर महसुलात भर पडलेल्या सुमारे 33 अब्ज डॉलरांपैकी 13 अब्ज निव्वळ वाढलेल्या फेऱ्यांचे, 12 ते 13 अब्ज फेरीमागे वाढलेल्या रकमेचे आणि 7 अब्ज या रकमेतला अधिक मोठा भाग महसूल म्हणून मांडला गेल्याचे. म्हणजे ज्याला सामान्य भाषेत धंदा वाढला म्हणतात, ती वाढ एकूण वाढीच्या निम्मीही नाही. उरलेली खोटी आहे असे नाही, पण ती वेगळ्या जातीची आहे आणि तिचा अर्थही वेगळा लागतो.

पहिला हिशेब, फेऱ्यांचा, हाच सर्वांत भक्कम. त्याची कसोटी 2020 मध्ये लागली. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत प्रवासी वाहतुकीचे बुकिंग आदल्या वर्षीच्या एक चतुर्थांशावर आले. मे महिन्यात दोन टप्प्यांत सुमारे 6,700 कर्मचारी कमी केले गेले, त्यांत भारतातले 600 होते. पण त्याच तिमाहीत घरपोच खाण्याचे बुकिंग दुपटीहून अधिक झाले. 2021 मध्ये तर डिलिव्हरीचा महसूल 8.4 अब्ज डॉलर आणि प्रवासी वाहतुकीचा 7 अब्ज डॉलर अशी उलटापालट झाली. एका धंद्याने दुसऱ्याला उचलून धरले. 2018 मध्ये एकूण बुकिंगपैकी डिलिव्हरीचा भाग सोळा टक्के होता, 2024 मध्ये तो सेहेचाळीस टक्के झाला. प्रवासी परतल्यावर डिलिव्हरी ओसरेल हा अंदाजही खरा ठरला नाही. तोट्यात चालणारी टॅक्सी कंपनी म्हणून जिची थट्टा झाली, तिने साथीच्या काळात दुसरा पाय टेकवला आणि तो टिकवला. एवढे श्रेय न दिल्यास पुढचा सगळा युक्तिवाद आकसाचा ठरेल.

दुसरा हिशेब फेरीमागच्या रकमेचा. 2018 मध्ये सरासरी फेरीमागे साडेनऊ डॉलरचे बुकिंग होते, 2024 मध्ये ते साडेचौदा डॉलरच्या घरात गेले. ही वाढ सुमारे 50 टक्के. याच सहा वर्षांत अमेरिकेतील ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे 25 टक्क्यांनी वाढला. तेव्हा निम्मी वाढ महागाईच्या खात्यावर टाकता येते. निदान अमेरिकेपुरती, कारण कंपनीचा धंदा अनेक चलनांत चालतो. उरलेल्या निम्म्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे मिश्रण बदलले: खाण्याच्या ऑर्डरमध्ये जेवणाची पूर्ण किंमत बुकिंगमध्ये धरली जाते, त्यामुळे डिलिव्हरीचे प्रमाण वाढले की सरासरीही वर सरकते. दुसरी म्हणजे सवलती आटल्या. पूर्वी ज्या फेरीचा काही भाग गुंतवणूकदारांच्या पैशातून भागत असे, तिचे मोल आता ग्राहक स्वतः देतो. मिश्रण किती आणि भाववाढ किती हे सरासरीवरून वेगळे करता येत नाही. पण एवढे नक्की की या 12-13 अब्जांना अधिक लोकांनी अधिक वेळा सेवा वापरल्याचा पुरावा म्हणता येणार नाही.

तिसरा हिशेब सर्वांत कमी चर्चिलेला आणि सर्वांत बोलका. 2022 हे वर्ष पाहा. त्या वर्षी महसूल 17.5 अब्ज डॉलरवरून 31.9 अब्ज डॉलरवर गेला. वाढ 83 टक्के! मथळे याच आकड्याचे झाले. पण त्याच वर्षी एकूण बुकिंग 28 टक्क्यांनीच वाढले होते. मधल्या दरीची दोन कारणे. पहिले, कंपनीने 2021 च्या अखेरीस ट्रान्सप्लेस ही मालवाहतूक व्यवस्थापन कंपनी सव्वादोन अब्ज डॉलरला विकत घेतली. मालवाहतुकीत उबर अडत्या नसून व्यापारी असल्याने ट्रकवाल्याला द्यायचे पैसेही महसुलात धरले जातात. या एका विभागाचा महसूल 2.1 अब्जांवरून 6.9 अब्जांवर गेला. वर्षभरातल्या एकूण वाढीचा तिसरा हिस्सा इथून आला. दुसरे कारण ब्रिटनमधले. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक हे किमान वेतनाचे आणि भरपगारी रजेचे हक्क असलेले कामगार आहेत असा निकाल दिला. डिसेंबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: प्रवाशाशी करार परवानाधारक कंपनीनेच करायला हवा. त्यामुळे मार्च 2022 पासून ब्रिटनमधले प्रवाशाचे पूर्ण भाडे उबरचा महसूल म्हणून नोंदले जाऊ लागले आणि चालकाला दिलेली रक्कम खर्चाच्या बाजूला गेली. कंपनी जो खटला हरली, त्याच्या परिणामाने तिचा महसूल वाढलेला दिसला. लंडनच्या रस्त्यावर मात्र गाडी तीच होती आणि फेरीही तीच.

हिशेबाची ही लवचीकता उलट दिशेनेही चालते. 2019 चा महसूल कंपनीने आधी 14.1 अब्ज डॉलर जाहीर केला होता. पुढच्या वार्षिक अहवालात तोच आकडा 13 अब्ज छापला गेला, कारण चालकांना कमाईपलीकडे दिलेले काही इन्सेंटिव्ह खर्चात न दाखवता महसुलातून वजा करण्याची पद्धत स्वीकारली गेली. 2021 च्या पहिल्या तिमाहीत ब्रिटनमधल्या जुन्या दाव्यांपोटी 60 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली, तीही महसुलातूनच वजा झाली. सरून गेलेल्या वर्षाचा महसूल जर एक अब्ज डॉलरने बदलू शकतो, तर महसूल मोजमापासारखा दिसत असला तरी त्यात मांडणीचा मोठा वाटा आहे हे मान्य करावे लागते.

यावर पहिला आक्षेप येईल तो हिशेबतपासनीसांचा. हे सगळे लेखापरीक्षण झालेले, नियमांत बसणारे आणि कंपनीने स्वतः तळटीपांसह उघड केलेले आहे; मग यात काळेबेरे काय? उत्तर असे की काळेबेरे काहीच नाही, आणि तसा आरोपही नाही. धंद्यातली जोखीम कोणाच्या डोक्यावर आहे आणि सेवेवर नियंत्रण कोणाचे आहे, यावरून महसूल पूर्ण दाखवायचा की फक्त वाटा, हे ठरवणारा नियम योग्यच आहे. ब्रिटनमध्ये जबाबदारी वाढली म्हणून आकडा वाढला, हे तर्काला धरूनच झाले. अडचण आहे ती वाचणाऱ्याची. तळटीप तज्ज्ञ वाचतो, मथळा सगळे वाचतात. आणि धोरण ठरवणारेही कित्येकदा मथळ्यावरच थांबतात. मालवाहतूक वगळून हिशेब केला तर एकूण बुकिंगमधला महसुलाचा वाटा 2018 मध्ये सुमारे 22 टक्के आणि 2024 मध्ये साडेचोवीस टक्क्यांच्या आसपास येतो. अडीच टक्के बिंदूंच्या या वाढीतला मोठा भागही ब्रिटनसारख्या बदलांचा असणार. म्हणजे उबरने चालकांचा वाटा ओरबाडून महसूल चौपट केला, हा टीकाकारांचा आवडता निष्कर्षही या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. महसुलाचा आकडा कंपनीच्या स्तुतीला जितका अपुरा, तितकाच तिच्या निंदेलाही.

मग तोच आकडा इतका लाडका का? कारण नफा-तोटा पत्रकाची शेवटची ओळ त्याहूनही बेभरवशाची आहे. 2018 मध्ये कंपनीने जवळजवळ 1 अब्ज डॉलर निव्वळ नफा दाखवला, पण तो मुख्यत्वे रशियातला आणि आग्नेय आशियातला धंदा यांडेक्स आणि ग्रॅब यांच्याकडे सोपवल्यामुळे. मूळ व्यवसायात त्या वर्षी 3 अब्जांचा तोटा होता. 2019 मध्ये 8.5 अब्ज डॉलर तोटा झाला. त्यात समभाग नोंदणीमुळे एकदम नोंदवावे लागलेले कर्मचाऱ्यांच्या समभागांचे मोल मोठे होते. 2022 मध्ये 9.1 अब्जांचा तोटा, त्यातले सुमारे 7 अब्ज ग्रॅब, ऑरोरा, दीदी अशा कंपन्यांतल्या गुंतवणुकीचे भाव पडल्यामुळे. 2024 मध्ये उलट 9.9 अब्जांचा नफा, त्यातले 6.4 अब्ज करविषयक लाभाच्या एका नोंदीतून. असा हिंदोळा समोर असताना साथीचा काळ सोडता दर तिमाहीला चढत जाणारा महसूल विश्लेषकांना आधारासारखा वाटतो. हा आधार अगदीच पोकळ नाही. पण तो धंद्याच्या प्रकृतीचा दाखला नव्हे.

प्रकृती कळते ती व्यवसायातल्या नफ्या-तोट्यावरून, आणि तिथला बदल खराखुरा आहे. 2018 मध्ये 3 अब्जांचा तोटा. 2023 च्या दुसऱ्या तिमाहीत पहिल्यांदा व्यवसायातून नफा झाला, त्या वर्षाअखेर तो 1.1 अब्ज आणि 2024 मध्ये 2.8 अब्ज डॉलर झाला. महसूल चौपट झाला म्हणूनच नफा आला, असे वाटणे साहजिक आहे. पण खर्चाच्या बाजू तपासा. सेवा पुरवण्याचा थेट खर्च, म्हणजे विमा, पैसे वळते करण्याचे शुल्क, ब्रिटिश चालकांना आणि ट्रकवाल्यांना द्यायचे पैसे वगैरे, 2018 मध्ये महसुलाच्या निम्मा होता. 2024 मध्ये तो साठ टक्क्यांवर गेला. महसुलाच्या दर शंभर डॉलरांत हातात उरणारी रक्कम वाढण्याऐवजी घटली. नफा आला तो दुसरीकडून. विक्री आणि विपणनाचा खर्च, ज्यात ग्राहकांना दिलेल्या कित्येक सवलती आणि नवे ग्राहक व चालक ओढण्याचा खर्च येतो, 2018 मध्ये 3.2 अब्ज डॉलर होता आणि 2024 मध्ये 4.3 अब्ज. बुकिंग सव्वातीन पट झाले, हा खर्च दीडपटही झाला नाही. बुकिंगच्या प्रमाणात पाहिले तर तो 6.3 टक्क्यांवरून 2.7 टक्क्यांवर उतरला. जुने प्रमाण कायम राहिले असते तर 2024 मध्ये या एका खात्यावर आणखी 6 अब्ज डॉलर खर्ची पडले असते आणि 2.8 अब्जांच्या नफ्याऐवजी 3 अब्जांहून अधिक तोटा दिसला असता, अगदी 2018 सारखाच. नोंदणीनंतर काय बदलले, याचे उत्तर या एका वजाबाकीत आहे. बाजारात उतरलेली उबर वाढायला शिकली असे म्हणणे चूक आहे; वाढत ती आधीपासूनच होती. वाढीची किंमत दुसऱ्याच्या खिशातून भागवायची सोय संपली आणि ती ग्राहकाकडून वसूल करायला ती शिकली.

सोय संपली हे शब्दशः खरे आहे. नोंदणीपूर्वीच्या दशकात सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने 2016 मध्ये एका हप्त्यात साडेतीन अब्ज डॉलर दिले होते, नंतर सॉफ्टबँक आली. या भांडवलावर शहराशहरांत स्वस्त भाडे आणि घसघशीत इन्सेंटिव्ह यांची लढाई चालली. खुल्या बाजारात दर तीन महिन्यांनी जाब विचारला जाऊ लागल्यावर लढाईची जागा छाटणीने घेतली. 2020 मध्ये भाड्याच्या सायकलींचा धंदा लाइमकडे गेला आणि स्वयंचलित गाड्यांचा विभाग ऑरोराला द्यायचे ठरले. भारतातली उबर ईट्स जानेवारी 2020 मध्येच 9.99 टक्के समभागांच्या बदल्यात झोमॅटोला देऊन टाकली होती. मे 2022 मध्ये मुख्याधिकारी दारा खोसरोशाही यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात बाजाराचा कल बदलला आहे आणि आता समायोजित नफा नव्हे तर हातात येणारी रोकड मोजली जाईल, हे स्पष्ट सांगितले. या वळणाची चाहूल कंपनीने आधीच दिली होती. एप्रिल 2019 च्या माहितीपत्रकातल्या जोखमींच्या यादीत तिने लिहून ठेवले होते की चालकांचे इन्सेंटिव्ह कमी करू तशी त्यांची नाराजी वाढेल. विक्रीच्या दोन दिवस आधी, 8 मे रोजी, अमेरिकेतल्या अनेक शहरांत आणि लंडनमध्ये चालकांनी ॲप बंद ठेवून संप केला, तो याच वाक्याचा प्रत्यय होता.

दुसरा आक्षेप असा: फुकटचे भांडवल संपले आणि सेवेला तिचे खरे मोल मिळू लागले, तर यात वाईट काय? उलट महाग होऊनही फेऱ्या दुपटीहून वाढल्या, याचा अर्थ लोकांना ही सेवा त्या किमतीला हवी आहे. यातला पूर्वार्ध मान्य. तोट्यात विकलेली सेवा कायम चालत नाही आणि खोट्या भावावर शहराची वाहतूक उभी राहू नये. उत्तरार्ध मात्र अर्धाच खरा. ग्राहकाने आजच्या भावाला होकार दिला, तेव्हा त्याच्यापुढे काल असलेले पर्याय आज शिल्लक होते का, हेही विचारायला हवे. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या परवान्याची किंमत 2014 च्या सुमारास 10 लाख डॉलरच्या पुढे गेली होती. काही वर्षांत ती दोन लाखांच्या आसपास कोसळली आणि कर्ज काढून परवाने घेतलेले चालक बुडाले. या नुकसानीला सवलतीच्या भाड्यानेही हातभार लावला. भाडे नंतर खऱ्या भावावर आले तरी ते भरून आले नाही. स्वस्ताईच्या काळात प्रतिस्पर्धी संपवायचा आणि मग किंमत वसूल करायची, हा डाव ठरवून खेळला गेला असे म्हणण्याची गरज नाही. परिणाम तसाच झाला एवढे पुरे. म्हणून वाढलेल्या फेऱ्यांना ग्राहकांच्या पसंतीचा कौल म्हणताना त्यातून घटलेल्या पर्यायांचा भाग वजा करावा लागतो.

तिसरा आक्षेप चालकांविषयी. कंपनी दर तिमाहीला जगभरच्या चालकांची आणि डिलिव्हरीवाल्यांची एकत्रित कमाई जाहीर करते आणि ती वाढतीच असते. चालक स्वखुशीने येतात, न पटल्यास ॲप बंद करतात. अशा वेळी त्यांच्या वाट्याची चिंता इतरांनी का करावी? एकत्रित कमाई वाढणे हे फेऱ्या वाढल्याचेच प्रतिबिंब आहे. त्यातून एका चालकाच्या एका तासाचे, इंधन, गाडीची झीज आणि रिकामा वेळ वजा जाता काय उरते, ते कळत नाही. शिवाय 2022 पासून अमेरिकेत ‘अपफ्रंट’ पद्धत पसरली: प्रवाशाला आधी एक रक्कम दाखवायची, चालकाला दुसरी, आणि दोन्हींमधले अंतर फेरीगणिक वेगळे. पूर्वीच्या ठरावीक टक्क्यांच्या कमिशनमध्ये चालकाला निदान गणित मांडता येत होते. आता कंपनीचा सरासरी वाटा तोच राहूनही एखाद्या फेरीत तो अतिशय कमी आणि दुसरीत अतिशय जास्त असू शकतो. हे अंतर उघड करायला लावण्याची सुरुवात झाली आहे. कोलोरॅडो राज्याने 2024 मध्ये केलेल्या कायद्याने प्रवाशाने किती दिले आणि चालकाला किती मिळाले हे दोघांनाही सांगणे बंधनकारक केले. न्यूयॉर्क शहराने तर 2019 पासूनच खर्च वजा जाता ताशी 17.22 डॉलर पडतील असा किमान मोबदला लागू केला. त्यावेळी धंदा बसेल अशी ओरड झाली. धंदा बसला नाही, आणि उबर आजही त्या शहरात आहे.

या साऱ्यात ज्यांच्यासाठी हा खटाटोप झाला, त्या गुंतवणूकदारांचे काय झाले तेही पाहू. 45 डॉलरला घेतलेला समभाग मार्च 2020 मध्ये 15 डॉलरच्या खाली गेला आणि 2022 च्या मध्यावर पुन्हा घसरून 20 डॉलरवर आला. डिसेंबर 2023 मध्ये कंपनी एस अँड पी 500 निर्देशांकात दाखल झाली, फेब्रुवारी 2024 मध्ये तिने 7 अब्ज डॉलरच्या समभागांची पहिली पुनर्खरेदी जाहीर केली आणि 2024 च्या अखेरीस भाव सुमारे 60 डॉलर होता. साडेपाच वर्षांत तेहतीस-चौतीस टक्के वाढ. त्याच काळात निर्देशांक दुपटीहून वर गेला होता. महसूल चौपट झालेल्या कंपनीच्या समभागाने साध्या निर्देशांकाइतकेही दिले नाही. बाजाराने महसुलाला कधीच एकट्याला किंमत दिली नव्हती. भाव सावरला तो व्यवसायातला नफा आणि रोकड दिसू लागल्यावर. गुंतवणूकदारांना जे कळले, ते धोरणकर्त्यांना आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना कळायला हरकत नाही.

आपल्याकडे हा विषय दूरचा राहिलेला नाही. उबर ईट्स घेणारी झोमॅटो जुलै 2021 मध्ये 76 रुपयांना समभाग विकून बाजारात आली आणि 2025 मध्ये तिने ‘इटर्नल’ हे नाव घेतले. उबरने आपला तिच्यातला हिस्सा ऑगस्ट 2022 मध्ये सुमारे 3,088 कोटी रुपयांना विकून काढता पाय घेतला. याच इटर्नलचा जुलै ते सप्टेंबर 2025 या तिमाहीतला महसूल 13,590 कोटी रुपये झाला, म्हणजे वर्षभरात 183 टक्के वाढ. निव्वळ नफा मात्र 63 टक्क्यांनी घटून 65 कोटींवर आला. महसुलातल्या उडीचे कारण ब्रिटनच्याच जातीचे: इटर्नलच्याच ब्लिंकिट या झटपट घरपोच सेवेने दुसऱ्यांचा माल विकून देण्याऐवजी स्वतः माल घेऊन विकायला सुरुवात केली, त्यामुळे आधी जिथे कमिशन महसूल होते तिथे मालाची पूर्ण किंमत महसूल झाली. कंपनीने हे लपवले नाही. तरीही 183 टक्क्यांचा मथळा वाचून समभाग घेणारा आणि 63 टक्क्यांचा मथळा वाचून विकणारा, दोघेही अर्धेच चित्र पाहून फसलेले असू शकतात.

हाच बदल उलट्या दिशेने आपल्या रिक्षांत झाला आहे. फेब्रुवारी 2025 पासून उबरने भारतात रिक्षाचालकांकडून प्रत्येक फेरीमागे कमिशन घेणे थांबवून ठरावीक शुल्क घेण्याची पद्धत आणली. भाडे प्रवाशाने थेट चालकाला द्यायचे. नम्मा यात्री आणि रॅपिडो यांनी ही वाट आधी पाडली होती. चालकाच्या दृष्टीने ही पद्धत अनेकदा फायद्याची आहे. पण नियमांच्या दृष्टीने तिने पेच उभा केला आहे. केंद्र सरकारच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की स्वतःची गाडी चालवणाऱ्याला भाड्याचा किमान ऐंशी टक्के वाटा मिळावा. हा नियम वाट्याचा आहे; भाड्यात कंपनीचा वाटाच नसेल आणि ती रोजचे शुल्क घेत असेल, तर मंद दिवशी त्या शुल्काने चालकाच्या कमाईचा किती भाग गिळला हे हा नियम मोजत नाही. जुलै 2025 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर जमलेल्या ॲपवरील चालकांची मुख्य मागणी शासनमान्य दराची होती, टक्क्यांची नव्हती, आणि ती नेमकी होती. त्यांना पाहिजे होती ती किलोमीटरमागे हातात येणाऱ्या पैशाची हमी.

याहून गंभीर प्रश्न सामाजिक सुरक्षा संहितेचा आहे. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार ॲपचालक कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम गिग कामगारांच्या निधीत द्यायची आहे. तिला कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा आहे. उलाढाल हा शब्द कायद्याला स्थिर वाटला, पण वर पाहिले त्याप्रमाणे तीच फेरी, तोच चालक आणि तेच भाडे असताना उलाढाल पाचपट होऊ शकते किंवा पंचमांशावर येऊ शकते. कंपनी अडत्या आहे, व्यापारी आहे की फक्त शुल्क घेणारी, यावर ते ठरते. भाडे थेट चालकाच्या खिशात जाणाऱ्या पद्धतीत कंपनीने कामगाराला दिलेला मोबदला म्हणजे काय, हाही वादाचा मुद्दा होईल आणि मग पाच टक्क्यांची मर्यादा कशावर मोजायची याचा. वर्गणीचा पाया महसूल धरला की ती कंपनीच्या मांडणीला बांधली जाते. पाया फेरी किंवा एकूण बुकिंग धरला तर मांडणी कशीही असो, चालकाच्या श्रमाचे माप बदलत नाही. कंपन्यांना याचा तोटाही नाही, कारण बुकिंगचे आकडे त्या गुंतवणूकदारांना दर तिमाहीला स्वतःहून देतातच.

पुढच्या दशकात हा प्रश्न आणखी टोकदार होईल. फीनिक्स, ऑस्टिन, अटलांटा या शहरांत वेमोच्या चालकविरहित गाड्या उबरच्या ॲपवरून मिळू लागल्या आहेत. गाडी वेमोची, ॲप उबरचे, चालक कोणीच नाही. तिथे महसूल पूर्ण भाड्याचा मांडायचा की वाट्याचा, हे पुन्हा करारावर ठरेल आणि एखाद्या वर्षी पुन्हा 83 टक्क्यांसारखा मथळा येईल. त्या वेळी तीन प्रश्न आधी विचारावेत. फेऱ्या किती वाढल्या? फेरीमागे ग्राहकाने किती अधिक दिले? आणि त्या रकमेतला किती भाग कंपनीने आपला म्हणून मांडला, व तो का वाढला? शेअर बाजारात नोंद असलेल्या प्रत्येक प्रवासी आणि डिलिव्हरी कंपनीला या तीन आकड्यांसोबत चौथा आकडा, म्हणजे चालकाच्या कामाच्या तासामागे खर्च वजा जाता उरणारी रक्कम, शहरवार जाहीर करायला सेबी आणि श्रम मंत्रालय सांगू शकतात. माहिती कंपन्यांच्या संगणकांत क्षणाक्षणाला जमा होतच असते. एवढे झाले की महसूल किती टक्क्यांनी वाढला, हा प्रश्न आपोआप यादीत पाचव्या क्रमांकावर जाईल, आणि त्याची खरी जागा तीच आहे.